अपशब्दाचा दोष कोणाला लागतो?

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरीसारख्या गावात इंग्रजी घरातून येत नाही. ती शाळेतून, नोकरीच्या जाहिरातीतून, औषधाच्या वेष्टनावरून आणि मोबाइलच्या पडद्यावरून येते, आणि चुकण्याची धास्तीही सोबत आणते. ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे ‘अबाऊट’ जोडणे, ‘डिडन्ट’नंतर ‘गो’ऐवजी ‘वेन्ट’ म्हणणे, चुलतभावाला ‘कझिन ब्रदर’ संबोधणे, ‘वेनझ्डे’ या वारातले मुके अक्षर मोठ्याने उच्चारणे, किंवा ज्या दोन ध्वनींसाठी इंग्रजीत दोन अक्षरे आहेत ते दोन्ही एकाच मराठी ‘व’ने भागवणे, या चुका अर्थाला क्वचितच धक्का लावतात, तरीही त्या ऐकून सुशिक्षित श्रोत्याच्या कपाळावर आठी उमटते. ही आठी निव्वळ रुचीची बाब असती, तर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यामागे पुष्कळदा असा समज असतो की चुकीचे बोलणारा मनुष्य काहीतरी नैतिक ढिलाई करीत आहे. चुकीचा शब्द हा खरोखर दोष आहे काय, असल्यास तो कोणाला लागतो, आणि तो ऐकून चिडण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न भारतीय परंपरेने इंग्रजी येण्याच्या दोन हजार वर्षे आधी विचारलेले आहेत.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने लिहिलेल्या ‘महाभाष्या’च्या पहिल्या प्रकरणात, म्हणजे पस्पशाह्निकात, ही चर्चा येते. तेथे ‘अपशब्द’ याचा अर्थ शिवी असा नसून व्याकरणाने अमान्य केलेले रूप असा आहे. ‘गौः’ या एका साधू, म्हणजे शुद्ध, शब्दाची लोकांच्या तोंडी गावी, गोणी, गोता अशी अनेक रूपे होतात, आणि ती सर्व अपशब्द ठरतात. पतंजलीचा प्रामाणिकपणा असा की या रूपांनी अर्थ कळत नाही असे तो म्हणत नाही. शुद्ध शब्दाने आणि अपशब्दाने अर्थ सारखाच कळतो हे मान्य करून, शुद्धाचाच वापर करावा हा नियम धर्मासाठी आहे, असे तो वार्तिककार कात्यायनाला अनुसरून सांगतो. व्याकरणाच्या आग्रहाला उपयुक्ततेचा आधार पुरत नाही, त्याला पुण्याचा आधार लागतो, ही कबुली इतक्या स्पष्टपणे देणारा व्याकरणकार इतरत्र सहसा आढळत नाही.

मात्र ही कबुली दिल्यानंतर लगेच तो त्या धर्माची हद्दही आखतो. यर्वाण-तर्वाण नावाने ओळखले जाणारे काही ऋषी होते. ते धर्म प्रत्यक्ष पाहणारे आणि जाणण्याजोगे सर्व जाणलेले होते, पण बोलताना ‘यद्वा नस्तद्वा नः’ असे म्हणायचे सोडून ‘यर्वाणस्तर्वाणः’ म्हणत, आणि लोकांनी त्यांना त्या चुकीचेच नाव देऊन टाकले. त्यांना पाप लागले नाही, कारण यज्ञकर्मात ते असा उच्चार करीत नसत. उलट असुरांनी ‘हे अरयः’ऐवजी ‘हेलयः’ असा अपभ्रष्ट उच्चार यज्ञकर्मातच केला आणि त्यांचा पराभव झाला. म्हणजे तीच चूक एके ठिकाणी थट्टेचा विषय होते आणि दुसऱ्या ठिकाणी सर्वनाशाचे कारण ठरते. फरक उच्चाराचा नसून प्रसंगाचा आहे. ब्रह्मज्ञान असलेल्या माणसाच्या जिभेवर अशुद्ध रूप असू शकते, ही गोष्ट पतंजलीसारखा कठोर वैयाकरण बिनदिक्कत नोंदवतो. एका चुकलेल्या स्पेलिंगवरून माणसाची बुद्धी मोजणाऱ्या आजच्या सुशिक्षिताला मात्र ती पचणार नाही.

यज्ञातील चूक एवढी गंभीर का, हे इंद्रशत्रूच्या आख्यायिकेवरून दिसते. इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून त्वष्ट्याने केलेल्या यज्ञात ‘इंद्रशत्रु’ हा सामासिक शब्द उच्चारताना उदात्त स्वर, म्हणजे उंच सुरातील उच्चार, शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्या अक्षरावर पडला. तत्पुरुष समासाचा बहुव्रीही झाला, ‘इंद्राचा संहारक’ऐवजी ‘इंद्र ज्याचा संहारक आहे तो’ असा अर्थ निघाला, आणि जन्मलेला वृत्र इंद्राच्या हातून मारला गेला. इंग्रजीच्या अभ्यासकाला ही कथा परकी वाटू नये. ‘रेकॉर्ड’ या शब्दात पहिल्या अवयवावर आघात दिला की ते नाम होते आणि दुसऱ्यावर दिला की क्रियापद होते. वैदिक स्वर सुराच्या उंचीवर अवलंबून असतो आणि इंग्रजी आघात मुख्यतः उच्चाराच्या जोरावर, एवढाच भेद. मराठी भाषकाला अर्थ बदलणाऱ्या अशा आघाताची सवय नसते आणि तो सर्व अवयव जवळपास सारख्या जोराने उच्चारतो, म्हणून त्याचे इंग्रजी परदेशी श्रोत्याला अनेकदा याच कारणाने कळत नाही. गंमत अशी की ज्या चुकांनी लोक चिडतात त्यांत आघाताची चूक फारशी नसते. चिडचिड होते ती ‘डिस्कस अबाऊट’वर, जेथे अर्थाचा केसही वाकडा होत नाही.

पुढे सुमारे पाचव्या शतकात भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. अपभ्रंश ऐकल्यावर जाणकार श्रोता मनात मूळ शुद्ध शब्दाचे अनुमान करतो आणि त्यातून अर्थ घेतो, हा एक पक्ष त्याने मांडला. पण पिढ्यान्‌पिढ्या रूढ झालेला अपभ्रंश पुढे स्वतःच अर्थ सांगू लागतो, आणि ज्यांना तोच ठाऊक आहे त्यांच्यासाठी मूळ शब्दच अनोळखी होऊन बसतो, हेही त्याने ओळखले. खेड्यातील ‘यष्टी’ हा शब्द याचे चालते-बोलते उदाहरण आहे: तो उच्चारणाऱ्याला राज्य परिवहनाच्या गाडीचा अर्थ इंग्रजी आद्याक्षरांचे अनुमान न करताच मिळतो. ‘पलटण’ आणि ‘इस्पितळ’ हे शब्दही अशाच मोडतोडीतून आलेले आहेत, आणि आता ते शुद्ध मराठी म्हणून कोशात सन्मानाने बसले आहेत. कालची चूक किती जणांनी किती काळ केली, यावर तिचे आजचे कुल ठरते.

भक्तिमार्गाने तर प्रश्नाची मांडणीच बदलली. एका प्रसिद्ध सुभाषितात अडाणी भक्त ‘विष्णवे’ या बरोबर चतुर्थी रूपाऐवजी ‘विष्णाय’ म्हणतो, पंडित बरोबर रूप म्हणतो, आणि दोघांचे पुण्य सारखेच ठरते, कारण जनार्दन भाव घेतो. भागवतातील अजामिळाने मुलाला हाक मारण्यासाठी घेतलेले नारायणाचे नावही वाया जात नाही, आणि वाल्या कोळ्याच्या लोककथेत तर उलटा उच्चारच तारक होतो. ज्या परभणी जिल्ह्यात झरी आहे त्याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. तिला पाणिनीची सूत्रे शिकवण्याचा विचार कोणाच्या मनात आला असण्याचा संभव नाही, आणि तरी मराठी धर्मविचार तिला वगळून लिहिता येत नाही. इस्लाममध्येही दोन्ही टोके एकत्र नांदतात. कुराणपठणातील प्रत्येक ध्वनीचे उच्चारस्थान ठरवणारे तज्वीद नावाचे शास्त्र तेथे आहे, अर्थ बदलणाऱ्या चुकीने नमाज बिघडते काय याची धर्मशास्त्रीय चर्चा आहे, आणि त्याचबरोबर अडखळत, कष्टाने पठण करणाऱ्याला दुप्पट फळ मिळते असे सांगणारी हदीसही आहे. अडखळणाऱ्याच्या कष्टालाही मोल देणारा हा निवाडा भाषाशिक्षकांनी कानाआड करू नये असा आहे.

यज्ञाची हद्द ओलांडून शुद्धतेचा आग्रह व्यवहारात शिरला की त्याचे रूप पालटते. मराठवाड्याला हा अनुभव इंग्रजीच्या आधीही आला होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते, आणि ‘शीन-काफ’ दुरुस्त असणे, म्हणजे या अक्षरांचे उच्चार बिनचूक असणे, ही सुसंस्कृतपणाची खूण मानली जाई. त्यानंतर पुणेरी प्रमाण मराठीसमोर ‘मी करायलो’ हे परभणीकडचे क्रियारूप ओशाळवाणे झाले, आणि 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यावर त्याच घरातील पुढच्या पिढीला तिसऱ्या दरबारात उभे राहावे लागले. दरबार बदलले, पण दाराशी थांबवून उच्चार तपासण्याची रीत बदलली नाही. बायबलच्या शास्ते या ग्रंथात यार्देन नदीच्या उतारावर ‘शिब्बोलेथ’ हा शब्द ‘सिब्बोलेथ’ असा उच्चारणाऱ्या 42,000 एफ्राइमी लोकांची कत्तल झाल्याचे सांगितले आहे. त्यांच्या जिभेवरील ‘स’ने कोणाचाही गैरसमज झाला नव्हता, फक्त ते कोण आहेत हे उघड झाले होते.

मराठीच्या इतिहासात या तपासणीचे सर्वांत बोलके उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे आहे. 1874 साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त त्यांनी जोतीराव फुले यांच्या ग्रंथांचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाच्या आणि लेखनाच्या चुकांचा यथेच्छ उपहास केला. फुले विचारीत होते तो प्रश्न धर्माचा होता, विद्या कोणी कोणाला नाकारली हा. आणि उत्तरादाखल त्यांना त्या नाकारलेल्या विद्येतील उणिवा दाखवण्यात आल्या. याउलट ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात त्या दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे जातिभेद नाकारणाऱ्या परमहंस सभेच्या स्थापनेतही भाग घेतला. व्याकरण जाणणे आणि त्याचे सोवळे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. इंग्रजीतही 1762 साली गाजलेले व्याकरण लिहिणारा रॉबर्ट लौथ हा धर्मगुरूच होता, पुढे तो लंडनचा बिशप झाला, आणि त्याने शेक्सपिअर व मिल्टन यांच्याच नव्हे तर बायबलच्या इंग्रजी भाषांतरातीलही चुका तळटीपांत दाखवल्या. जेथे ईश्वराच्या वचनाचे भाषांतरही चुकते, तेथे झरीच्या विद्यार्थ्याने किती लाजावे? शिवाय हे नियम नित्य नाहीत. 1962 साली शासनाने मान्य केलेल्या मराठी लेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, आणि ‘घरांत’ असे काळजीपूर्वक लिहिणारी पिढी एका निर्णयाने अशुद्ध ठरली.

मग चिडणाऱ्याच्या मनात असते काय? जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुंफा झरीहून फार लांब नाहीत, आणि जैन विचारात याचे अचूक निदान आहे. आत्म्याला मलिन करणारे क्रोध, मान, माया आणि लोभ असे चार कषाय तेथे सांगितले आहेत. दुसऱ्याची चूक ऐकून येणारा राग क्रोधासारखा दिसला, तरी पुष्कळदा तो मान, म्हणजे अहंकार, असतो. समंतभद्राच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आठ मदांच्या यादीत ज्ञानाचा मद पहिलाच आहे. पतंजलीनेही या मानाची एक मिश्कील कथा सांगितली आहे. एका वैयाकरणाने रथाच्या ‘प्रवेत्या’ची चौकशी केली, सारथ्याने आपण ‘प्राजिता’ आहोत असे सांगितले, आणि वैयाकरणाने तो अपशब्द ठरवला; सारथ्याने उत्तर दिले की या वैयाकरणाला सूत्रातून काय निघते ते कळते, लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. चिडलेल्या वैयाकरणाने त्याला हिणवण्यासाठी जो शब्द वापरला त्यातली व्युत्पत्तीची चूकही सारथ्यानेच दाखवून दिली. व्याकरणाच्या महाग्रंथात व्याकरणकाराची ही फजिती जपून ठेवलेली आहे.

यावरून बिनचूकपणाला मोल नाही असा निष्कर्ष काढणे आळशीपणाचे ठरेल. विमानचालक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील इंग्रजी संभाषणात ‘थ्री’ला ‘ट्री’ आणि ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तेथे पुस्तकी उच्चार करणाराच नियम मोडतो, कारण ऐकणाऱ्याच्या कानी अंक निःसंदिग्ध पडावा हे तेथले इष्ट आहे. आजच्या काळातील यज्ञकर्म शोधायचे झाले तर ते अशा ठिकाणी आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीतही आहे, जेथे नियम न्याय्य असो वा नसो, चुकलेल्या रूपाची किंमत रोख वसूल केली जाते. इंद्रशत्रूच्या कथेशी जोडलेल्या वचनाकडे येथे बारकाईने पाहावे लागते: दूषित शब्द वाग्वज्र होऊन यजमानाचा घात करतो, असे ते सांगते. मंत्र सामान्यतः ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारा पुरोहित, म्हणतो, आणि यजमान हा ज्याच्यासाठी यज्ञ चालला आहे तो. उच्चार एकाचा, आघात दुसऱ्यावर. वर्गात दहा वर्षे चुकीचे इंग्रजी ऐकवणारी व्यवस्था ऋत्विजाच्या आसनावर असते आणि मुलाखतीच्या खोलीत बसलेला विद्यार्थी यजमान असतो. त्याच्या ‘डिडन्ट वेन्ट’वर चिडणारा परीक्षक वज्र ज्याच्यावर कोसळले त्यालाच अपराधी ठरवतो. शिकणाऱ्याबाबत तर पतंजलीने विहीर खणणाऱ्याचा दाखला दिला आहे: खणताना तो चिखलाने माखतो, पण लागलेल्या पाण्यानेच तो स्वच्छ होतो.

चूक सुधारणाऱ्यासाठी वैदिक यज्ञात एक स्वतंत्र पद होते. ब्रह्मा नावाचा हा ऋत्विज सर्व वेद जाणणारा असे आणि इतरांची कर्मे पाहत मौन धरून बसे. ‘छांदोग्य उपनिषदा’च्या चौथ्या अध्यायात त्याचे काम सांगितले आहे: ऋचेत चूक झाली तर गार्हपत्य अग्नीत, यजुर्मंत्रात झाली तर दक्षिणाग्नीत आणि सामात झाली तर आहवनीय अग्नीत ठरलेली आहुती देऊन त्याने यज्ञाची जखम भरावी. चुकणाऱ्याला जाब विचारण्याची तरतूद तेथे नाही. प्रातरनुवाक, म्हणजे पहाटेचे ऋचापठण, सुरू झाल्यावर, शेवटची ऋचा होण्याआधी ब्रह्माच मध्ये बोलला, तर यज्ञ एका चाकाच्या रथासारखा कोलमडतो, आणि त्याबरोबर यजमानाचीही हानी होते, असे तेच उपनिषद सांगते.