ऐकणाऱ्यासाठी असलेला 'वा'

जपानी शिकणाऱ्यांच्या वह्यांत 'वा' या निपाताचे उपयोग बहुधा आकडे घालून लिहिलेले असतात: विषय सांगणारा वा, तुलना सुचवणारा वा, नकाराबरोबर येणारा वा. यादी खोटी नाही. पण ती पाठ झाली तरी 'इथे वा की गा?' हा प्रश्न सुटत नाही, कारण दोन्ही निपात कर्त्यालाच लागतात असं तिच्या मुळाशी धरलेलं असतं. गा बऱ्याच अंशी कर्त्याचा आहे. वा कर्त्याचा नाही. आता आपण कशाबद्दल बोलतो आहोत, हे बोलणारा त्यातून ऐकणाऱ्याला सांगतो.

हे सर्वांत ठामपणे मांडलं ते आकिरा मिकामी (१९०३–१९७१) यांनी. शिक्षण वास्तुशास्त्राचं, नोकरी शाळेत गणित शिकवण्याची, आणि ध्यास व्याकरणाचा. त्यांच्या १९६० सालच्या पुस्तकाचं नावच एक वाक्य आहे: 'झोउ वा हाना गा नागाइ'. हत्ती, नाक, लांब. हत्तीला वा, नाकाला गा. लांब आहे ते नाक, मग हत्ती या वाक्यात काय करतो? मिकामींचं उत्तर असं, की कर्ता ही कल्पना पाश्चात्त्य व्याकरणातून जपानीवर लादली गेली आहे, ती टाकूनच द्यावी. इतकं टोक मला पटत नाही. जपानीतली आदरार्थी क्रियापदं कोणाचा तरी मान राखतात, आणि तो कोणी बहुतेकदा कर्ताच असतो. पण वा त्यांनी अचूक ओळखला होता.

मराठीत हे वाक्य 'हत्तीचं म्हणाल, तर नाक लांब' असं येईल. 'म्हणाल' हे क्रियापद समोरच्याचं आहे. सोंडेबद्दलच्या साध्या विधानात आपण ऐकणाऱ्यालाही ओढून घेतलं. जपानी हेच एका अक्षरात करते. म्हणून जेवणाची ऑर्डर देताना 'बोकु वा उनागि दा' म्हणणारा स्वतःला वाम मासा म्हणवून घेत नसतो. माझं म्हणाल, तर वाम, एवढंच तो सांगतो. या एका वाक्यावर केइइचिरो ओकुत्सु यांनी १९७८ साली अख्खं पुस्तक लिहिलं. 'मला आंबा आवडतो' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपल्याही वाक्यात क्रियापद आंब्याच्या मागे जातं, आणि जपानीतही आवडणाऱ्या आंब्याला गा लागतो.

इथून पुढे बरेच नियम आपोआप उलगडतात. 'कोण आलं?' या प्रश्नात 'कोण'ला वा लागत नाही, गा लागतो. जे अजून माहीतच नाही, त्याबद्दल बोलू या असं कसं म्हणणार? उत्तरातल्या नावालाही गाच. जपानी लोककथेत आजोबा-आजी पहिल्यांदा येतात ते गा घेऊन, कारण ऐकणाऱ्या मुलाला ते नवे असतात. पुढच्याच वाक्यात आजोबा डोंगराकडे आणि आजी नदीकडे निघतात, तेव्हा दोघांना वा लागतो. दोन वाक्यांमध्ये आजी-आजोबा तेच आहेत, बदललं आहे ते मुलाला माहीत असलेलं.

तुलनेचा वा हाही निराळा वा नाही. एक विषय उचलला की बाकीचे मागे राहतात, आणि ते मागे राहिलेले ऐकणाऱ्याला जाणवतात. 'क्योउ वा किरेइ देसु ने' म्हणजे 'आज मात्र छान दिसतेस'. कालचं काय, हा प्रश्न ऐकणारीच्या मनात येतोच. नकाराबरोबर वा इतका का येतो तेही यातूनच कळतं. हे नाही म्हटलं, की दुसरं काहीतरी असेल अशी जागा राहते.

पाठ्यपुस्तकं मात्र बहुधा 'वाताशि वा' म्हणजे 'मी' अशा वाक्यांनी सुरू होतात आणि वा कर्त्याला चिकटवून टाकतात. मग विद्यार्थी प्रत्येक वाक्यात 'वाताशि वा' म्हणत राहतो. जपानी कानाला ते 'इतरांचं ठाऊक नाही, मी मात्र' असं ऐकू येऊ शकतं. विषय ठरला की जपानी माणूस तो पुन्हा उच्चारत नाही, समोरच्याने तो लक्षात ठेवला आहे यावर भिस्त ठेवतो. माझ्या मते पहिल्या धड्यात स्वतःची ओळख नको, आजी-आजोबांची ती दोन वाक्यं हवीत.