बंदूक, छाती आणि दाखला

आमच्या गिरणीतला एक पोरगा रात्रपाळी करून पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यानं पळतो. सोळाशे मीटर. त्याला अग्निवीर व्हायचंय. परवा टपरीवर म्हणाला, "दादा, आपल्या नावाची रेजिमेंट हाये. आजून काय पायजे?" तेवढ्यात के. के. रेंजकडून तोफेचा धडाका आला. मी गप बसलो. ते गप बसणं टोचतंय, म्हणून लिहितोय.

मित्रांनो, रेजिमेंट कुणी दान दिली नाही. 1818 साली कोरेगावात लढून मेलेल्या 22 महारांची नावं स्तंभावर कोरणाऱ्या इंग्रजांनीच 1890 नंतर आपली भरती बंद केली. म्हणे ही जात लढाऊ नव्हे! निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली थेट विलायतेला केला. पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली, तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी केली. 1921 ला मोडली. गरज होती तोवर मर्द, गरज सरली की महारवाडा. शेवटी 1941 साली बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या संरक्षणविषयक समितीत गेले, आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

मला अडतं ते वलंगकरांच्या अर्जात. आम्ही मूळचे क्षत्रिय, असं त्यात म्हटलंय. त्यांना दोष देत नाही, त्या काळी दार उघडायला तीच किल्ली होती. पण मी विचारतो, हक्क मागताना छाती का दाखवायची? शूर आहे म्हणून माणूस मानणार, आणि भित्रा असेल तर? उच्च जातीतल्या भित्र्याला कुणी विचारतं का, बाबा तुझे पूर्वज कुठं लढले? मी स्वतः भित्रा आहे. गिरणीत पट्टा तुटला की सगळ्यात आधी मीच पळतो. म्हणून माझा हक्क कमी होतो काय?

तरीपण पोराला 'जाऊ नको' म्हणायची माझी हिंमत नाही. रामजी सुभेदार पलटणीत होते. पलटणीत शाळा होती, पगार होता, पेन्शन होती. भरतीबंदीनं नुसती बंदूक नाही हिसकावली, पाटीपेन्सिलही हिसकावली. भाषणं ठोकताना हे आपण विसरतो.

आता नावाचा प्रश्न. 1956 ला आपण धम्म घेतला, जातीचं नाव कपाळावरून पुसलं. मग टोपीवर का मिरवायचं? रेजिमेंटमध्ये आज सगळ्या जातींची माणसं आहेत. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावरचा कोरेगावचा स्तंभसुद्धा पुढं काढला गेला. कुणी म्हणेल, नावही काढा. काढा ना! पण राजपूत, जाट, मराठा, डोगरा ही नावंही त्याच दिवशी उतरवा. जात मोडायची सुरुवात दरवेळी आमच्याच पाटीपासून का?

घटनेच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीत समान संधी आहे, मागासांसाठी राखीव जागांची सोयही आहे. पण जवानांच्या भरतीत अनुसूचित जातींना राखीव जागा नाहीत. तिथं फक्त लायकी बघतात म्हणे. मग अर्जासोबत जातीचा दाखला कशाला? 2022 साली अग्निवीर भरतीच्या वेळी यावरून गदारोळ झाला. सैन्यानं सांगितलं, नवीन काही नाही, हे आधीपासूनच आहे. हे 'आधीपासूनच' ऐकून ऐकून आमचे बाप मेले.

पोराला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, "दादा, चार वर्सांनी चौघांतल्या एकालाच ठेवत्यात. बाकीचे तिघं परत हितंच." मला उत्तर सुचलं नाही.

उद्या पाळी सुटली की त्याच्यासोबत तहसीलला जायचंय. बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा देणारा केंद्राचा कायदा 1990 ला झाला, तरी जातीच्या रकान्यात महारच लिहावं लागतं. पोरगा विचारत होता, "तिथं नुस्तं बौद्ध लिवलं तर चालंल का?"