विसावा हिस्सा कोणाच्या ताटातला?

मागच्या सप्टेंबरात आम्ही चौघं पावतीपुस्तक घेऊन वस्तीत फिरत होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वर्गणी. घरटी पाचशे रुपये असा ठराव झाला होता आणि ठराव मांडणारा मीच. एका दारात बाई उभी होती. नवरा बाहेरगावी कामावर. ती आत गेली. बराच वेळ लागला. मग तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलेल्या नोटा घेऊन आली. नोटांना कोंढा चिकटलेला. एक दोनशेची, एक शंभराची, बाकी पन्नासाच्या आणि दहाच्या. आमच्यातल्या एकानं पावतीवर तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. जयभीम घातला आणि पुढच्या दाराशी गेलो.

आमच्या दाराशी आलो तर माय म्हणाली, "पाचशे कोठून देऊ? तूच सांग."

मी म्हणालो, दे ना कुठूनही.

"कुठूनही म्हंजे कोठून, बाबू? तेलातून देऊ, का किरान्याच्या उधारीतून देऊ, का पोरीच्या फीतून?"

सोबतचे हसले. मीही हसलो. असल्या प्रश्नाला हसून वाटेला लावायला आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत. त्याग, निष्ठा, समाजाचं ऋण. पाचशे मिळाले. पण तो प्रश्न काही गेला नाही. तो मला गिरणीत पोती उचलताना आठवे. दोस्तांनो, तो इथं तुमच्यापुढं टाकतो आहे. घर उधारीवर चालत असताना माणसानं चळवळीला पैसा द्यावा का? आणि दिला तर तो खरं म्हणजे कोण देतो?

आधी आमचं वर्ष कसं असतं ते सांगतो. नागभीड हा धानाचा मुलूख. नोव्हेंबर-डिसेंबरात धान येतं, गिरणी रात्रंदिवस धडधडते, नाकातोंडात भुसा जातो पण हातात पैसा असतो. पुढं सगळं सरकारी भरडाईवर. आदिवासी विकास महामंडळ आणि मार्केटिंग फेडरेशन आधारभूत भावानं धान घेतात, गिरण्यांना भरडायला देतात, शंभर किलो धानामागं सदुसष्ट किलो तांदूळ गिरणीनं परत करायचा. भरडाईच्या दरावरून, वाहतुकीच्या पैशावरून घोडं अडलं की धान गोदामात पडून राहतं आणि आम्ही घरी. मालक म्हणतो, ऑर्डर आली की बोलावतो. मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदू, जुलैत बायांची रोवणी. आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे नुसतं आभाळाकडं बघणं. घरातलं धान संपलेलं, शेतातलं अजून हिरवं. नेमका त्याच वेळी आमचा पावतीपुस्तकाचा हंगाम सुरू होतो.

आता हिशेब मांडतो. मला ४०० रुपये रोज. डिसेंबरात बावीस दिवस भरले, ८,८०० झाले. ऑगस्टात सहा दिवस भरले, २,४०० झाले. त्या २,४०० मधले ५०० गेले तर पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त गेले. आमच्याच वस्तीतले एक गुरुजी आहेत, पगार ६०,००० च्या घरात. तेही पाचशेच देतात. तो झाला एकशेविसावा हिस्सा. आणि जयंतीच्या दिवशी दोघांची नावं फळ्यावर एकाखाली एक, सारख्याच आकड्यानं. याला आम्ही समता म्हणत होतो.

बाबासाहेबांनी आकडा सांगितलाच नव्हता. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बोलताना त्यांनी सांगितलं ते असं की प्रत्येक बौद्धानं आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्माच्या कामासाठी द्यावा. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, ते आपल्या चांद्याला आले आणि इथल्या लोकांना दीक्षा दिली. ज्यांच्यापुढं ते बोलत होते त्यातले किती लोक पगारी होते? बहुतेक शेतमजूर, विडी वळणारे, गिरणीवाले. त्या माणसाला अर्थशास्त्र कळत होतं. हिस्सा म्हटलं की मिळकत वाढेल तसा वाढतो, घटेल तसा घटतो. पाचशे म्हटलं की तो गरिबाच्या मानेवर बसतो. आम्ही हिश्श्याचा आकडा केला, कारण पावती फाडायला आकडा सोपा. आणि मिळकतीवर सांगितलेली गोष्ट आम्ही उधारीवर वसूल केली.

झाडीपट्टीत हे कुणाला समजावायची गरज पडू नये. वीस कुडोची एक खंडी होते. विसावा हिस्सा म्हणजे खंडीमागं एक कुडो. आपल्या म्हाताऱ्या बाया हे बोटावर मोजतात.

पण इथं एक अडचण आहे आणि ती खरी आहे. माझा एक मित्र, माझ्यापेक्षा जास्त वाचलेला, मला म्हणाला, तुझं गणित चालवलं तर ऑगस्टात ज्याची मिळकत शून्य, त्याचा हिस्सा शून्य. मग वर्गणी कोण देणार? नोकरीवाले. आणि ज्याचा पैसा त्याचा माईक. मजूर मागच्या सतरंजीवर बसेल आणि पगारवाले ठराव करतील. मजुरानं अर्धपोटी राहूनसुद्धा पाचशे दिले म्हणून तर ही चळवळ त्याची राहिली.

मी गप्प झालो. त्याचं म्हणणं खोटं नाही. आपले विहार, आपले पुतळे, आपली वाचनालयं कुणा सावकाराच्या देणगीतून उभी राहिलेली नाहीत. फाटक्या पदराच्या गाठी सुटल्या तेव्हा झाली.

फक्त पदर कुणाचा, एवढं तो बोलला नाही.

त्याग म्हटलं की आपण रमाईचं नाव घेतो. बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले, १९२३ ला परत आले. तिकडं ते रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते. तो १९२३ मध्येच छापून निघाला आणि पुढं १९२५ मध्ये चलनाच्या रॉयल कमिशनपुढं त्यांनी साक्षही दिली. रुपयाची सोन्यातली किंमत किती यापेक्षा त्या रुपयात बाजारात काय येतं हे महत्त्वाचं, आणि भाव चढले की मजुरी करणारा मरतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख. आणि त्याच वर्षांत परळच्या चाळीत रमाई त्या रुपयात काय येतं ते रोज बघत होती. पाचांपैकी चार लेकरं त्या दोघांनी गमावली. आपण व्याख्यानात हे सांगतो, लोक डोळे पुसतात, आणि घरी येऊन आपण मायला म्हणतो, दे ना कुठूनही.

मला यात एकच गोष्ट दाखवायची आहे. रमाई १९३५ मध्ये गेल्या. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणात त्यांच्या चांगुलपणाबरोबर आणखी एक गोष्ट छापून ठेवली आहे: कुणी सोबतीला नव्हतं त्या टंचाईच्या आणि काळजीच्या दिवसांत त्या आपल्यासोबत सोसायला तयार झाल्या. म्हणजे त्यांनी ते ऋण नावानिशी नोंदवलं, सगळ्या देशासमोर. फिटलं असं ते म्हणत नाहीत. पण खात्यावर आहे. आमच्या पावतीपुस्तकात त्या तांदळाच्या डब्यावाल्या बाईचं नावसुद्धा नाही.

आणि चळवळीनं उपाशी माणसाकडं किती मागावं यावर बाबासाहेबांचं वागणं बघण्यासारखं आहे. १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या लोकांना घेत नव्हते, कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं आणि त्यानं विटाळ होत होता. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं की हे दार उघडायची मागणी तुमच्या यादीत का नाही. ज्याच्या घरी साठा नाही त्यानं सहा महिने उपाशी राहायचं आणि संप जिंकल्यावर वाढलेला पगार साचेखात्यातल्यानं घ्यायचा, असा तो व्यवहार. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोधच केला. हेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलह बिलाच्या विरोधात, स्वतः संपात उतरले. तो संप एक दिवसाचा होता. एक दिवसाची रोजी. हे कुणाला भित्रेपणा वाटेल. मला त्यात मागणारा माणूस चूल बघून मागतो आहे असं दिसतं.

नाहीतर १९८२ आठवा. १८ जानेवारीला अडीच लाख कामगार बाहेर पडले. लढाई खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बाया होत्या, महिन्याच्या उधारीवर कामगारांना जेवू घालणाऱ्या. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांसाठी. भिंतीवरच्या घोषणांत त्यांचं नाव कुठं असतं? गिरणगावच्या लढाईची उधारी त्यांच्या वहीत होती.

आता माझं सांगतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्याच्या घरचं झालं.

१० मे २०२५ ला आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम पंधरावीस दिवसांचा. पहाटे चारला निघायचं, पानं तोडायची, उन्हात घरी बसून सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा. बातमी आली त्या रात्री वस्तीत कुणी धड जेवलं नाही. एक दिवस कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी माय उठली. मी म्हणालो, नको जाऊ. ती म्हणाली, "मंग पोरीची फी तू देतो का? गिरनी चालू आहे का तुयी?" गिरणी बंद होती. ती चार बायांबरोबर गेली, डबा वाजवत, आणि मी घरी बसून कविता केली. खोटं कशाला बोलू, बरी झाली होती कविता.

त्या तेंदूच्या पैशातले पाचशे मी जूनमध्ये मागून घेतले. याच अंकाच्या कागदाला आणि स्टेन्सिलला. तुमच्या हातात जे पान आहे त्यात ते आहेत. मी तेव्हा मित्रांना सांगितलं, माझ्याकडून पाचशे. माझ्याकडून!

वाघानं माणूस मारला की सरकार वारसाला २५ लाख देतं. द्यायलाच पाहिजे. पण मेलेल्या मायची किंमत सरकारच्या वहीत आहे आणि जिवंत मायची चळवळीच्या वहीत नाही, हे मला झोपू देत नाही.

भगवान बुद्धांनी सिगालाला मिळकतीचे चार वाटे सांगितले. एक खाण्यापिण्याला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायचा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. ४०० रुपयांत चौथा वाटा! हे व्यापाऱ्याच्या पोराला सांगितलेलं, आपल्याला नाही. आता तसं वाटत नाही. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात कुणाचं देणं नसणं हे एक सुख आहे. म्हणजे शिल्लक टाकणं हा कंजूषपणा नाही, तो धम्माचा भाग आहे. आणि आमच्या घरी तो कोण पाळत होतं? तांदळाच्या डब्यात दहाच्या नोटा लपवणारी. आम्ही तिला म्हणत होतो, यांना चळवळ कळत नाही. अडचणीच्या दिवसाचा वाटा तिनं राखला आणि भाषण करून तो आम्ही काढून घेतला. हप्त्याची कंपनी दर आठवड्याला दारात येते तीही तोच डबा उघडायला लावते. आमच्या गळ्यात निळा रुमाल होता एवढाच फरक त्या बाईला दिसला असेल.

मग द्यायचंच नाही का? मायला हे सगळं मी बोलून दाखवलं तेव्हा तिला राग आला. म्हणाली, "मी देत नाही म्हनलं का? इचारून घे म्हनलं. दीक्षाभूमीले तुया आधीपासून जातो मी." ती खरंच जात होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत नागपूरची छोटी गाडी होती, भाकरी बांधून अख्खी वस्ती त्या गाडीनं जायची. त्यानंतरची वर्षं टेम्पो, आणि टेम्पोचं भाडं म्हणून वर्गणीचा आकडा वाढत गेला. तिचं म्हणणं, "सप्टेंबरात कायले येता? खंडीले कुडो घ्या ना, धान आल्यावर."

कापणीची मजुरी आपल्याकडं अजून बऱ्याच ठिकाणी धानात मिळते. डिसेंबरात गरिबातल्या गरीब घरीही चार पायल्या असतात. तेव्हा मागितलं तर देणारीची मान वर असते. आणि ते धान विहारात राहिलं, तर सप्टेंबरात ज्याची चूल बंद त्याला त्यातलंच उसनं देता येईल. माझ्या मित्रालाही हे पटलं, कारण माईकचा प्रश्न यानं थोडा सुटतो. गुरुजींचा विसावा हिस्सा मात्र महिन्याला ३,००० होतो. त्यांना मी सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि घराचं कर्ज आहे म्हणाले. असेलही. त्यांच्या बायकोला विचारलं का, असं मी विचारणार होतो, पण धीर झाला नाही.

येत्या रविवारी विहारात बैठक आहे. नवं पावतीपुस्तक छापायचं आहे आणि त्यावर दोन रकाने असावेत असं मी मांडणार आहे: देणाऱ्याचं नाव, आणि घरात ज्याला विचारलं त्याचं नाव. दोघंतिघं आधीच म्हणाले, असल्या पावत्यांनी लोक हसतील. बैठकीला बायांना बोलवायचं का यावरही अजून वाद चालू आहे. माय म्हणते, बोलावलं नाही तरी मी येईन, सतरंजी माझ्याच घरची आहे.