श्रद्धा, मेंदू आणि विवेक



श्रद्धा हृदयात वसते असे आपण म्हणतो. पण हृदयाचे काम रक्त पुढे ढकलण्याचे. श्रद्धा ठेवणे, भिणे, एखाद्या गोष्टीची खात्री पटणे, ही सारी कामे मेंदूची आहेत.

हा विचार आजचा नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात फेफऱ्याला 'पवित्र रोग' म्हणत. झटका आला की अमक्या देवाचा कोप झाला, असे सांगून पैसे उकळणारे मांत्रिक तेव्हाही होते. हिपोक्रेटिस या वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात मात्र असे प्रतिपादन आहे की, हा रोग इतर रोगांसारखाच असून त्याचे मूळ मेंदूत आहे. आपल्या वाडीवस्तीत आजही फेफरे आलेल्या माणसाला भगताकडे नेले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट किती जवळची आहे ते कळेल.

मग श्रद्धेच्या वेळी मेंदूत काय घडते? २००९ साली अमेरिकेत सॅम हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० माणसांची तपासणी केली. १५ श्रद्धाळू ख्रिस्ती, १५ ईश्वर न मानणारे. मेंदूचा कोणता भाग कामाला लागला हे दाखविणाऱ्या यंत्रात त्यांना झोपवून काही विधाने समोर ठेवली. काही देवाधर्माची, काही साध्या व्यवहाराची. विधान खरे वाटले की दोन्ही गटांत कपाळामागचा एकच भाग अधिक काम करू लागे. मग ते विधान देवाचे असो की व्यवहाराचे. धर्माच्या विधानांच्या वेळी भावनेशी संबंधित भागही अधिक जागे होत, एवढा फरक होता.

याचा अर्थ काय? खात्री ही मेंदूतली एक भावना आहे. ती खऱ्याबद्दल होते, तशीच खोट्याबद्दलही होते. 'मला आतून वाटते' हा कशाचाच पुरावा होऊ शकत नाही.

येथे उलट बाजूची घाईही नको. मेंदूत देवाचे केंद्र सापडले, अशी चर्चा अधूनमधून होते. २००६ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे १५ ख्रिस्ती जोगिणींवर प्रयोग झाला. ईश्वराशी एकरूप झाल्याचा अनुभव त्या आठवू लागल्या, तेव्हा एक नव्हे, मेंदूचे अनेक भाग जागे झाले. देवाचे वेगळे केंद्र काही सापडले नाही. आणि सापडले असते तरी काय सिद्ध झाले असते? आंबा आठवला तरी मेंदू हलतो. फांदीवर आंबा आहे की नाही, हे झाडापाशी जाऊनच पाहावे लागते.

केसपुत्त गावच्या कालामांपुढे हाच पेच होता. येणारा प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणे आणि दुसऱ्याचे खोडून काढी. तथागतांनी त्यांना 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे सांगितले नाही. परंपरा, ग्रंथ किंवा गुरू यांच्या शब्दावर विसंबू नका. लोभ, द्वेष व मोह यांतून हित होते की अहित, हे स्वतः पारखा, असे सांगितले.

ही कसोटी फक्त दुसऱ्याच्या देव्हाऱ्यासाठी नाही. बुद्धमूर्तीपुढे कोणी नवस बोलला, तर मूर्ती बदलली, मेंदूतली वाट जुनीच राहिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दैवी शक्तीवरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे, ते आपल्यालाही लागू आहे.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी. नातवाला ताप चढला की आजीच्या मनात जुन्या देवीची भीती जागी होते. तरुण पोरे म्हणतात, 'आजी, मग दीक्षा कशाला घेतलीस?' हा प्रश्न अन्यायाचा आहे. लहानपणी भीतीबरोबर शिकलेले मेंदूत खोल रुजते. साधा ताप बहुधा आपोआप उतरतो. पण अंगारा लावल्यावर उतरला की मेंदू दोहोंची गाठ मारतो. ही गाठ रागावून सुटत नाही. देवीचे काही न करता पोर बरे झाले, हे पुन्हा पुन्हा पाहिल्यावर जुन्या भीतीवर नवी शिकवण बसते. प्रतिज्ञा एका दिवसात घेता येते. मेंदूची सवय एका दिवसात बदलत नाही. म्हणून तर पंचशील रोज म्हणायचे आणि रोज आचरायचे.

मग दोष कशात? तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले. मनात भीती उठणे हा दोष नव्हे. त्या भीतीच्या आहारी जाऊन पोराला दवाखान्याऐवजी भगताकडे नेणे, हा दोष. मेंदू आपल्याला निवडून घेता आला नाही. पण त्याने पुढे केलेली प्रत्येक गोष्ट खरी मानायची की पारखून घ्यायची, हे आपल्या हातात आहे. माणसाची मोकळीक तेथेच आहे आणि जबाबदारीही तेथेच.

जय भीम!