धूर, वाफ आणि विक्रेत्याचे मौन

जुनी मोटार विकणाऱ्या मनुष्याने तिच्याविषयी घेणाऱ्यास किती सांगावे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा वाटतो. परंतु थोडा खोल विचार केला असता त्याच्या मुळाशी सत्याच्या मर्यादेचा प्रश्न आहे असे दिसून येईल. समजा, एका गृहस्थाची पंधरा वर्षे वापरलेली पेट्रोलची गाडी सकाळी सुरू करताच मागील नळीतून पांढरा धूर सोडते. गृहस्थास ती विकावयाची आहे. गिऱ्हाईक दुपारी येते. तोवर धूर नाहीसा झालेला असतो. गिऱ्हाईक विचारीत नाही, गृहस्थ सांगत नाही. येथे असत्य घडले काय?

उत्तरापूर्वी तो धूर म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. कारण वस्तुस्थिती न जाणता केलेला नीतिविचार पोकळ असतो. पुष्कळदा तो धूर नसतोच. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. नळी थंड आणि हवाही थंड असली म्हणजे ती वाफ पांढरी होऊन डोळ्यांस दिसते. पौषातल्या पहाटे ग्वाल्हेरीस जी गाडी ढग सोडते, तीच पणजीच्या उबदार हवेत निर्मळ भासेल. काही मिनिटांत नळी तापते, पांढरेपणा विरतो आणि गाडीत काहीही बिघाड नसतो.

परंतु इंजिन पुरते तापल्यावरही दाट पांढरे लोट येत राहिले, तर गोष्ट निराळी. इंजिनाचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट नावाची पातळ चकती असते. अनेक इंजिनांत ठोकळा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन एकदा अतोनात तापले की हेड वाकते, गॅस्केट फाटते आणि रेडिएटरचे पाणी सिलिंडरात झिरपू लागते. क्वचित हेडलाच तडा गेलेला असतो. त्या पाण्यात कूलंट मिसळलेले असेल, तर धुरास गोडसर वास येतो; नुसते पाणी असेल, तर तोही पुरावा मिळत नाही. बाहेर कोठे गळती नसता रेडिएटरचे पाणी घटते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाचा थर जमतो. पण केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत असा थर नुसत्या दमटपणानेही बसतो. म्हणून जाणता मिस्त्री तेवढ्यावर निकाल देत नाही. तो रेडिएटरला दाब देऊन पाहतो, सिलिंडरांचा दाब मोजतो, किंवा रेडिएटरच्या तोंडाशी एक निळा द्राव धरतो; ज्वलनाचे वायू पाण्यात शिरत असतील, तर तो पिवळा पडतो. डिझेलच्या गाडीत तर पांढरा धूर बहुधा न जळलेल्या इंधनाचा असतो, आणि त्याचे निदान निराळ्याच वाटेने करावे लागते.

धुरावरून अग्नीचे अनुमान हे आपल्या न्यायशास्त्रातील सर्वांस परिचित उदाहरण. परंतु त्याच शास्त्राने एक सावधगिरीही शिकविली आहे: बाष्पास धूर समजून जो अग्नीचे अनुमान करतो, त्याचे अनुमान फसते. आमच्या प्रश्नात हीच चूक दोन्ही बाजूंनी होते. धूर पाहताच ‘गॅस्केट गेले’ म्हणणारा उतावळा. आणि कोणतीही परीक्षा न करता ‘थंडीची वाफ आहे’ म्हणणाराही तितकाच उतावळा. फरक इतकाच की दुसऱ्याच्या उतावळेपणात त्याचा लाभ असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1872 च्या करार कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे नुसते मौन हे सामान्यतः कपट नव्हे. तेथे दिलेले उदाहरण घोड्याचे आहे: घोडा सदोष आहे हे ठाऊक असून मालक तो लिलावात न बोलता विकतो, हे कपट होत नाही. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तसेच, ‘आपण नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष समजेन’ असे घेणारा म्हणाला आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन वाणीच्याच तोलाचे होते. 1930 च्या मालविक्री कायद्याचा सामान्य रोखही घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत असाच आहे.

आपले जुने धर्मशास्त्र येथे थोडे पुढे गेलेले दिसते. दडवून ठेवलेला माल विकू नये असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्य तर परीक्षेसाठी मुदती नेमून देतो: लोखंडास एक दिवस, रत्नांस सात, बियाण्यास दहा, आणि ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच. जनावराची खोड बाजारातल्या घटकाभराच्या पाहणीत दिसत नाही, ती दावणीला बांधल्यावर कळते, हा अनुभव त्या पाच दिवसांत साठविलेला आहे. मोटार हेही वाहनच. पण तिला घेणाऱ्यास आज मिळते ती पुष्कळदा गल्लीच्या टोकापर्यंतची एक फेरी.

येथेच कायद्यातील घोडा आणि आमची मोटार यांची वाट वेगळी होते. लिलावातला घोडा सर्वांसमोर उभा असतो. गाडीचा धूर मात्र पहाटे, थंड इंजिनावर, केवळ मालकाने पाहिलेला असतो. गिऱ्हाईक येण्यापूर्वी जो मालक मुद्दाम इंजिन तापवून ठेवतो, किंवा रेडिएटरात भेग बुजविणारे औषध ओतून चार दिवसांची सोय करतो, तो एक शब्द न बोलताही नुसता मौनी राहत नाही. वस्तुस्थिती कृतीने झाकणे हे त्याच 17 व्या कलमात कपट म्हणून गणले आहे.

पण खरा कठीण मनुष्य याहून निराळा आहे. तो काही झाकीत नाही. तो फक्त मिस्त्रीकडे जात नाही. निदान झाले तर सांगावे लागेल. त्यापेक्षा निदानच नको. विचारल्यास ‘मला काही ठाऊक नाही’ हे त्याचे उत्तर अक्षरशः खरे असते. ‘थंडीत वाफ येतेच’ हेही खरेच. अश्वत्थाम्याच्या वार्तेत धर्मराजाचे शब्दही अक्षरशः खरे होते. तरी भूमीवरून चार बोटे अधर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. शब्द खरे असणे आणि ऐकणाऱ्याच्या मनात सत्य उतरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आमच्या मते सांगण्याचे कर्तव्य निदानापासून सुरू होत नाही. ते चिन्ह दिसल्या क्षणी सुरू होते. जे अज्ञान आपण जाणूनबुजून राखले, त्याच्या आड निर्दोष म्हणून उभे राहता येत नाही.

कोणी म्हणेल, मग विकणाऱ्याने आपल्याच मालाची निंदा करावी काय? मुळीच नव्हे. ज्याचे निदान झाले नाही, तो रोग कबूल करणे हेही असत्यच. त्याने पाहिले तेवढे सांगावे: ‘सकाळी धूर येतो, इतका वेळ राहतो, महिन्यात पाणी इतके घटते, तपासणी केलेली नाही, उद्या पहाटे थंड इंजिनावर येऊन पाहा.’ या चार वाक्यांनी किंमत उतरेल हे खरे. पण जुनी गाडी घेणारा बहुधा साठविलेल्या पैशांतून कुटुंबाची पहिली गाडी घेत असतो. तो जेव्हा मुलाबाळांसह गोव्याहून चोर्ला घाट चढू लागतो आणि अर्ध्या चढावर इंजिन उकळू लागते, तेव्हा विक्रेत्याने वाचविलेल्या त्या चार वाक्यांची किंमत कोण भरतो, एवढा हिशेब विकणाऱ्याने सौद्यापूर्वी करावा.