तट आणि अभय

सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात रविवारी सकाळी हेरिटेज वॉकची मंडळी जमली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किल्ला कुठे आहे? समोर काळसर दगडी बांधकामाचा एक तुकडा तेवढा उभा असतो. मुंबईच्या कोटाला १८व्या शतकात जोडलेल्या फोर्ट सेंट जॉर्जचा हा अवशेष. बाकीचा तट, अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट हे तिन्ही दरवाजे १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात पाडले गेले, खंदक बुजवला गेला. ‘फोर्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात किल्लाच शोधावा लागतो.

गाइड तोफांची आणि लढायांची माहिती सांगत पुढे निघतो. पण या वाटेवर त्याहून जुना एक प्रश्न सोबत चालत असतो. माणसाला निर्भय कशामुळे वाटतं?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी सुरू होते ती अभयापासून. जैन परंपरेत अभयदानाला सर्व दानांत मोठा मान आहे. मराठीतही हा भेद रुजलेला आहे. संरक्षण आपण ‘करतो’, अभय मात्र ‘देतो’. संरक्षण दगडही करील. अभय द्यायला समोर माणूसच लागतो, आणि तोही असा, की ज्याच्या हातात इजा करण्याची ताकद आहे.

मुंबईच्या इतिहासात हा भेद एका व्यापाऱ्याला नेमका कळला होता. १६७७मध्ये दीवच्या नीमा पारेख या वाण्याने मुंबईत येऊन राहण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीपुढे अटी ठेवल्या. आपल्या घरात आपला धर्म बिनधोक पाळता यावा, कुणावर ख्रिस्ती होण्याची सक्ती नसावी, मृतांचं दहन करता यावं, आवारात कुणी जीवहत्या करू नये. आणि युद्ध झालंच, तर किल्ल्यात माल आणि कुटुंब ठेवायला जागा मिळावी. एकाच कागदात त्याने तटही मागितला आणि अभयही. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही, हे त्याने ओळखलं होतं.

चालणारे सेंट थॉमस कॅथेड्रलपाशी थांबतात. हे देऊळ १७१८च्या नाताळात उपासनेसाठी खुलं झालं. त्याचं छत तोफगोळ्यांना टिकेल असं बांधलं होतं. खाली प्रार्थना आणि डोक्यावर गोळ्यांची धास्ती! चर्च गेट हे नाव याच देवळावरून पडलं. दरवाजा गेला, नाव रेल्वे स्थानकाला उरलं. जवळच १७०९ची बनाजी लिमजी अग्यारी आहे. पारशी नसलेल्यांना तिथे आत जाता येत नाही, तेव्हा मंडळी बाहेरूनच पाहतात. श्रद्धास्थानालाही मर्यादा असते, हे इथे मान्य करावं लागतं. पण उंबरठा आणि तट एक नव्हेत. उंबरठा आतलं पावित्र्य जपतो, बाहेरच्याला शत्रू ठरवत नाही. तटाला मात्र शत्रू लागतोच.

आणि तट जागा मागतो. ज्या मुंबादेवीचं नाव शहराला मिळालं, तिचं जुनं देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होतं. किल्ल्याच्या गरजेपायी ते हलवावं लागलं. शहराची देवी तटाबाहेर गेली, आज ती भुलेश्वर भागात आहे. तट पडल्यावरही तिच्या दारातली रांग सुरूच आहे.

हार्बर लोकलने मंडळी शिवडीला उतरतात. १६८०मध्ये इंग्रजांनी बांधलेल्या इथल्या किल्ल्याचा दरवाजा जवळून पाहण्यासारखा आहे. बाहेरच्या दाराशी काटकोन करून आतलं दार ठेवलेलं, म्हणजे चाल करून येणाऱ्याला सरळ धावत आत घुसताच येऊ नये. वळताना मंडळींचा वेग आपोआप मंदावतो, आणि बांधणाऱ्याच्या मनातली भीती तीनशेहून अधिक वर्षांनी पावलांना कळते.

एवढं करूनही १६८९मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाचं सैन्य शिवडीलाच उतरलं. शिवडी, माझगाव, माहीम अशी एकेक जागा पडत गेली आणि इंग्रज मुंबईच्या मुख्य किल्ल्यात कोंडले गेले. त्यांची सुटका झाली ती औरंगजेबाकडे माफी मागून, दीड लाख रुपये दंड कबूल करून. १६९०मध्ये सिद्दी परतला. तटांच्या आतल्या माणसांना अखेर बाहेरच्या माणसाकडेच अभय मागावं लागलं.

म्हणून तट व्यर्थ होता, असं म्हणणं अन्याय्य ठरेल. वेढ्यातले महिने त्याच भिंतींआड निघाले. नीमा पारेखची शेवटची अट भाबडी नव्हती. पण शिवडीच्या किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला, मग पोर्ट ट्रस्टचं गोदाम झालं. त्याला लागून असलेला दर्गा मात्र दर्गाच राहिला आहे.

वॉक संपताना बहुतेक जण तटाच्या कडेला जाऊन खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो दिसतात का, ते पाहतात. दोघे-तिघे चपला काढून, डोक्यावर रुमाल घेऊन दर्ग्याकडे वळतात. गाइड उरलेल्यांना थोडं थांबायला सांगतो.