देऊळ कोणाकडे फिरलं

सेनगावहून संत नामदेवांची नरसी जवळ, आणि नागनाथाचं औंढाही काही फार लांब नाही. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला ती आख्यायिका मुद्दाम सांगावी लागत नाही. नामदेवांना नागनाथाच्या समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. लोक खेचण्यासाठी चर्चने काळाप्रमाणे बदलावं का, हा वाद ख्रिस्ती मंडळींत निघाला की मला ही गोष्ट आठवते. देऊळ गर्दीकडे फिरलं नव्हतं. ज्याला उठवून लावलं, त्या शिंप्याच्या पोराकडे ते फिरलं.

हा वाद आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. तरुणांना कीबोर्ड हवा, ड्रम हवा, भिंतीवर पडद्यावर गाण्याचे शब्द हवेत, उपदेश वीस मिनिटांत आटोपलेला हवा. थोरली मंडळी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक छातीशी धरून म्हणतात, आमच्या बापजाद्यांची उपासना मोडू नका. मला दोन्ही बाजूंची तळमळ खरी वाटते. पण बापजाद्यांची म्हणजे कोणाची? अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले आणि १८३१ मध्ये नगरला. बाक, घंटा, परदेशी चालींवर बसवलेले मराठी शब्द हे त्या काळी अगदी नवं होतं. आज जिला आपण परंपरा म्हणतो, ती एका पिढीला परकी फॅशन वाटली असणार.

त्या चालींवर मराठी मन मोकळं होत नाही, हे नारायण वामन टिळकांना फार आतून जाणवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधीच ते कवी होते, आणि वारकऱ्यांची वाणी त्यांच्या कानात होती. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनाची वाट धरली. ओव्यांत ‘ख्रिस्तायन’ सुरू केलं. ते अपुरं राहिलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मला यात एक गोष्ट मोलाची वाटते. टिळक अभंगाकडे वळले ते हिंदूंना चर्चमध्ये आणायची युक्ती म्हणून नव्हे. दुसऱ्या कोणत्याही स्वरात त्यांना स्वतःलाच प्रार्थना करता येत नव्हती. म्हणून ती पदं आजही गायली जातात. नुसत्या युक्तीपोटी लिहिलेलं गाणं एक पिढीसुद्धा टिकत नाही.

त्यांच्याही आधी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात राहून मराठी शिकला आणि त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये छापून निघालं. तो का रचला, त्याची हकीकत त्या ग्रंथातच आहे. गोव्यातल्याच साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला दुसरं काही द्या. ही मागणी वाचताना मन गलबलतं. ओवी दिली खरी, पण आधी काय हिरावून घेतलं तेही विसरता येत नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांची बोलीच बंद करण्याचा हुकूम काढला. संस्कृतीशी जुळवून घेणं ही चर्चची मेहेरबानी नाही, ते एका जुन्या ऋणाची फेड आहे, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

आता अवघड भाग. संस्कृती म्हणजे कोणाची संस्कृती? मराठवाड्यातला ख्रिस्ती समाज पाहिला तर त्यातल्या पुष्कळ घराण्यांचे पूर्वज महार-मांग वस्तीतून आलेले. भारतीय रूप म्हणून भगवी वस्त्रं, संस्कृत श्लोक आणि आश्रम पुढे आले, की त्या घरांतली माणसं साशंक होतात. ज्या व्यवस्थेने पाणवठ्यावरून हाकललं, तिचीच वेशभूषा देवाच्या घरात कशाला? अरविंद निर्मळ यांनी १९८०च्या दशकात दलित ईश्वरविद्येची मांडणी केली, तिच्या मुळाशी हाच सवाल होता. मला तो बिनतोड वाटतो. ढोलकी आणि हलगी चर्चमध्ये आली पाहिजे. जात मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली पाहिजे. आणि इथे आपण कमी पडलो आहोत. सोयरीक जमवताना जुनी जात विचारणारी ख्रिस्ती घरं आजही आहेत. काळाशी इतकं जुळवून घेणं कोणत्याही ड्रमसेटपेक्षा घातक आहे.

लक्ष्मीबाईंचं उदाहरण घ्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या बराच काळ आपल्या सोवळ्यात राहिल्या. विटाळ त्यांनी आधी सोडला, माणसामाणसांत देवाने भेद केला नाही हे मनाला पटलं म्हणून; बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये घेतला. त्यांना कोणी सजवलेल्या उपासनेने ओढलं नव्हतं. एक कठीण गोष्ट त्यांच्यापुढे होती आणि कोणी ती सोपी करून दिली नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना हा प्रवास किती सावकाश झाला ते दिसतं. आज उपदेश गोड करून, क्षमा, समता आणि त्याग ही तिखट वचनं वगळून माणसं जमवायची घाई चालते, तेव्हा मला लक्ष्मीबाईंचा तो सावकाशपणा हवासा वाटतो.

वसईत चर्च लोकांच्या जवळ गेलं ते नुसतं मराठी मिस्सेमुळे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत झाली, ते गरजेचंच होतं. पण फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले, विहिरीच्या पाण्यासाठी आणि वाडीच्या जमिनीसाठी धनदांडग्यांसमोर उभे राहिले. त्यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एका कॅथलिक धर्मगुरूकडे आलं. विरोध झाला, तरी ते आले आणि बोलले. मराठी माणसाने त्यांना आपलं मानलं, कारण ते पाण्याच्या भांडणात त्याच्या बाजूला होते.

म्हणून माझं म्हणणं असं. बाहेरच्यांना भुलवायला बदलायचं असेल तर एक खिळाही हलवू नये. पण आत बसलेल्या म्हातारीला तिच्या बोलीत रडता यावं, यासाठी सगळं बदलावं लागलं तरी बदलावं. आमच्याकडे बंजारा तांडे आहेत. गोरमाटी बोलीत प्रार्थना होऊ द्या, तांड्यावरच्या बाईला गाण्याची सुरुवात करू द्या. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं कुटुंब वसंत ऋतू सरेपर्यंत गावात नसतं. त्याच्या फडावर कोण जातं? आणि रविवारच्या उपासनेची सकाळी दहाची ती वेळ. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजूर बाई त्या वेळी शेतात वाकलेली असते, रोज बुडवून ती येऊ शकत नाही. मंडळीने रात्री आठला जमायचं ठरवलं तर ती येईल. त्यासाठी कीबोर्ड लागत नाही. पाळकाने आणि पंचांनी आपली सोय सोडायची तयारी दाखवली, की पुढच्या आठवड्यापासून हे करता येतं.